गिटहब ॲक्शन्स: ओपन सोर्सवाल्यांना फुकट, पण सांभाळावं लागतंच

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू मोठ्या कंपनीतल्या डेव्हऑप्सवाल्यांसाठी नाहीये. नोकरी सांभाळून रात्री किंवा शनिवार-रविवारी दोन-चार जण मिळून जो प्रोजेक्ट चालवतात, ज्यात पैसा शून्य आणि इश्यूंची (लोकांनी कळवलेल्या तक्रारींची) रांग मात्र कायम, त्यांच्यासाठी आहे. आमची एक छोटी पायथन लायब्ररी आहे, देवनागरी मजकुरासाठी, म्हणजे आकडे अक्षरात लिहिणं, शब्द बरोबर जागी तोडणं, याद्या मराठी क्रमाने लावणं असली कामं करते, आणि तिच्या सीआयसाठी (कंटिन्युअस इंटिग्रेशन, म्हणजे कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणं) आम्ही गिटहब ॲक्शन्स वापरतो, म्हणजे जिथे कोड ठेवतो त्या गिटहब साइटचीच त्यासाठीची सोय. एवढ्याशा प्रोजेक्टला सीआय कशाला असं बरेच जण विचारतात, आणि काहींना लावायचंय पण त्याची सेटिंगची फाइल बघूनच घाम फुटतो, दोघांसाठी हे लिहितोय. माझं मत: लावा. पाचात चार मार्क. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

ज्यांना सीआय हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीही कोड पुश केला (म्हणजे गिटहबवर चढवला) किंवा पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशी विनंती) टाकली की कुठल्यातरी भलत्याच मशीनवर, जिथे तुमचं काहीच आधी बसवलेलं नाही, सगळं नव्याने उतरवून टेस्ट चालतात आणि हिरवी टिक की लाल फुली ते पुल रिक्वेस्टवरच दिसतं. बस एवढंच. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' या वाक्यावरचे वाद त्यामुळे जवळपास संपतात, कारण आता तुमचं मशीन आणि माझं मशीन यांच्यामध्ये एक तिसरं मशीन बसलेलं असतं आणि त्याला कोणाची भीड नसते.

एकेकाळी ओपन सोर्स म्हटलं की ट्रॅव्हिस सीआय हे ठरलेलं होतं. २०११ ला बर्लिनमध्ये सुरू झालेली सर्व्हिस, पब्लिक रेपोला (सगळ्यांना उघड्या असलेल्या कोडच्या साठ्याला) फुकट, प्रत्येक रीडमीच्या (प्रोजेक्टच्या माहितीपानाच्या) डोक्यावर तिचा 'टेस्ट पास' सांगणारा हिरवा बॅज. २०१९ च्या जानेवारीत आयडेरा कंपनीने ती घेतली, २०२० च्या नोव्हेंबरात फुकटवाल्यांना मोजून क्रेडिट द्यायचं जाहीर झालं, आणि २०२१ च्या जूनमध्ये ओपन सोर्सवाल्यांची जुनी साइटच बंद झाली. हजारो प्रोजेक्ट तेव्हा आपापली फाइल नव्याने लिहीत बसले. नेमका त्याच सुमारास गिटहबचा स्वतःचा पर्याय तयार होता, २०१८ ला घोषणा झालेला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये यॅमलवर (सेटिंग साध्या मजकुरात लिहायच्या पद्धतीवर) नव्याने बेतलेला आणि नोव्हेंबरमध्ये सगळ्यांना खुला झालेला, त्यामुळे गर्दी तिकडे वळली. हे एवढं सांगायचं कारण, फुकट हा शब्द या धंद्यात कायमचा नसतो हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

बाकीचे पर्याय आहेतच. गिटलॅबचं सीआय चांगलं आहे, काही बाबतीत जास्त नीटनेटकं आहे, पण कोड गिटहबवर असताना फक्त टेस्टसाठी तिकडे आरसा (त्याच कोडची प्रत) ठेवायचा म्हणजे दोन जागा सांभाळा. जेन्किन्स ऑफिसात बऱ्याच जणांनी बघितलंय, ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवावं लागतं, त्याचे प्लगइन अपडेट करावे लागतात, आणि पगार मिळत नसेल तर ते कोणी करू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. कोडबर्ग नावाच्या साइटबद्दल शेवटी बोलू.

सेटअप. रेपोमध्ये डॉट गिटहब नावाचं फोल्डर, त्यात वर्कफ्लोज, त्यात एक यॅमल फाइल, झालं. कधी चालवायचं (पुश आणि पुल रिक्वेस्ट), कशावर चालवायचं (उबुंटू, म्हणजे लिनक्सच), आणि मग पायऱ्या: कोड उतरव, पायथन बसव, लायब्ररी बसवून घे, पायटेस्टने टेस्ट चालव. वीसेक ओळींत काम होतं, आणि चहा संपायच्या आत पहिली टिक दिसू शकते. कुठे वेगळं अकाउंट नको, क्रेडिट कार्ड नको, कोणाला मेल नको. पब्लिक रेपोला नेहमीच्या रनरवर (म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या त्यांच्या मशीनवर) मिनिटांचा हिशेबच नाही, आणि मशीनही फडतूस देत नाहीत, लिनक्स आणि विंडोजला ४ कोअर आणि १६ जीबी रॅम. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या लॅपटॉपपेक्षा ते बरं आहे राव! मॅकवाला रनर थोडा आखडता, ३ कोअर आणि ७ जीबी, पण तो एम-वन चिपचा आहे आणि ज्याच्याकडे मॅक नाही त्याने तक्रार करू नये. २०२५ पासून आर्म चिपवालं लिनक्सही पब्लिक रेपोला फुकट आहे, रास्पबेरी पायवर तुमचं काही चालवणारे लोक असतील तर तेही तपासून होतं.

खरी मजा मॅट्रिक्समध्ये, म्हणजे याद्या द्यायच्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा जॉब (टेस्टची एक फेरी) मिळतो. पायथनची पाच व्हर्जनं आणि तीन ऑपरेटिंग सिस्टिम लिहिल्या की पंधरा जॉब आपोआप तयार होतात आणि एकाच वेळी पळतात (फुकट प्लॅनवर एका वेळी २० पर्यंत, त्यात मॅक ५). इथे नव्या माणसाला हमखास नडणारी एक गोष्ट आहे. व्हर्जनच्या यादीत ३.१० हे अवतरण चिन्हाशिवाय लिहिलं की यॅमल त्याला दशांश संख्या समजतं, शेवटचं शून्य खाऊन टाकतं आणि मग पायथन ३.१ शोधत बसतं, जे २००९ सालचं आहे. एरर येते की असं व्हर्जन सापडत नाही, आणि माणूस फाइलकडे बघून म्हणतो अरे मी तर ३.१० लिहिलंय की. ३.९ ला हा त्रास नव्हता, ३.११ ला नाही, फक्त ३.१० ला, आणि पुढे कधी ३.२० आलं तर परत. तेव्हा सगळी व्हर्जनं अवतरणात घाला, विषय संपला. आणि फेल-फास्ट नावाचं एक सेटिंग आहे ते बंद करा, नाहीतर पंधरातला एक जॉब पडला की उरलेले चौदा मध्येच मारले जातात आणि नक्की फक्त विंडोजवर पडलंय की सगळीकडे ते कळतच नाही.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण देवनागरीवर काम करणाऱ्यांना सीआयचा सगळ्यात मोठा फायदा इथेच होतो. लिनक्स आणि मॅकवर पायथनने फाइल उघडली की ती यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना चालणाऱ्या पद्धतीने अक्षरांचे बाइट केलेली, धरली जाते. विंडोजवर, तुम्ही एन्कोडिंग स्पष्ट सांगितलं नाही तर, मशीनच्या लोकेलचं (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगचं) एन्कोडिंग धरलं जातं, आणि ते इंग्रजी विंडोजवर सीपी-१२५२ असतं, जे युरोपातल्या भाषांसाठी बनलेलं आहे. आता गंमत बघा. या सीपी-१२५२ मध्ये पाच बाइट रिकामे आहेत, त्यांना अक्षरच नेमलेलं नाही. आणि आपल्या ऱ्हस्व उकाराचा, हलन्ताचा, 'ए'चा, 'ऐ'चा, 'झ'चा यूटीएफ-८ मधला शेवटचा बाइट नेमका त्या रिकाम्यांत पडतो. म्हणजे शहरांची यादी असलेली फाइल वाचली तर 'नागपूर' आणि 'नाशिक' बिनबोभाट वाचले जातात, फक्त त्यांचा कचरा झालेला असतो, आणि 'पुणे' किंवा 'मुंबई' आलं की प्रोग्राम तिथेच आपटतो. ज्याच्या टेस्टमध्ये फक्त नागपूर-नाशिक आहे आणि जो फक्त यादीची लांबी तपासतोय त्याची टेस्ट पास! असला बग लिनक्सवर बसून कितीही डोकं लावलं तरी सापडत नाही, आणि आपल्याकडे शाळा, सरकारी कचेऱ्या, छापखाने सगळीकडे विंडोजच, म्हणजे वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी हा प्रसाद मिळणार.

दुसरी त्याचीच बहीण. विंडोजच्या काळ्या खिडकीत थेट मराठी प्रिंट केलं तर पायथन ३.६ नंतर ते चालतं, पण तेच आउटपुट फाइलमध्ये किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं की परत सीपी-१२५२ आणि 'कॅरॅक्टर एन्कोड करता येत नाही' म्हणून एरर. सीआयवर सगळं आउटपुट वळवलेलंच असतं, त्यामुळे तिथे ही एरर लगेच दिसते, घरी विंडोजवर हाताने चालवून बघणाऱ्याला दिसत नाही. यावर उपाय म्हणून बरेच जण सीआयच्या फाइलमध्ये पायथनचा यूटीएफ-८ मोड चालू करणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टाकतात आणि टिक हिरवी करतात. कृपा करून असं करू नका! तो व्हेरिएबल तुमच्या रनरवर आहे, वापरणाऱ्याच्या मशीनवर नाही. एन्कोडिंग कोडमध्ये लिहा, फाइल उघडणाऱ्या प्रत्येक ओपनला. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट होणार आहे पण जुनी व्हर्जनं वापरणारे लोक कुठे लगेच जाणार आहेत.

असंच दुसरं एक उदाहरण, रात्रीच्या ठरलेल्या रनने पकडून दिलेलं. युनिकोडची (जगातल्या लिप्या संगणकात लिहायच्या मानकाची) १५.१ आवृत्ती, म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरची, त्यात देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांसाठी अक्षर कुठे तोडायचं याचा नियम बदलला. आधी 'क्षमा' या शब्दाचे नियमाप्रमाणे तीन तुकडे व्हायचे, 'क्' वेगळा, 'ष' वेगळा, 'मा' वेगळा. आता जोडाक्षर एकत्र राहतं आणि दोनच होतात, जे आपल्याला लहानपणापासून माहीतच होतं. नियम सुधारला ते उत्तमच, पण ज्या लायब्ररीवर आम्ही अवलंबून होतो तिने नवा नियम घेतला आणि आमचा एक अक्षरही कोड न बदलता टेस्ट लाल. कोणी पुश केलेलं नसताना! तर ठराविक वेळेला, नव्यात नव्या डिपेंडन्सी (आपण ज्यांवर अवलंबून आहोत त्या लायब्ररी) उतरवून, सगळं चालवून बघणारा एक जॉब ठेवा, आपल्यासारख्या लिपीवाल्यांना तर हवाच.

हा ठराविक वेळेचा जॉब लावताना मात्र तीन गोष्टी बघा. शेड्यूलची वेळ मुळात यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) धरली जाते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे रात्री दोनला हवं असेल तर आदल्या दिवसाचे २०:३० लिहायचे. तासाच्या ठोक्यावर जगभरातले सगळे जॉब एकदम उठतात आणि तेव्हा उशीर होऊ शकतो असं त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, म्हणून ००, ३० असली गोल मिनिटं टाळा, १७ किंवा ४३ असं काहीतरी घ्या. आणि तिसरी, पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर शेड्यूल आपोआप बंद होतं. हे मला अजिबात पटत नाही. ज्या प्रोजेक्टवर रोज कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) होतात त्याला या रात्रीच्या जॉबची गरज कमी, आणि जो शांत पडलाय, पण लोक वापरतायत, त्यालाच गरज जास्त. कापलेल्या मार्कातला अर्धा इथे गेला.

यूटीसीवरून आठवलं, रनरचं घड्याळही यूटीसीच असतं. तुमच्या कोडमध्ये 'आजची तारीख' असं काही असेल तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात इथली तारीख आणि रनरची तारीख वेगळी असते. नोकरीवाले लोक ओपन सोर्स नेमकं याच वेळात करतात, त्यामुळे दिवसा हिरवी आणि मध्यरात्री लाल अशी टेस्ट दिसली की आधी तिकडे बघा. तसंच लिनक्स रनरवर मराठी लोकेल आयतं मिळेल असं धरू नका, क्रम लावायच्या टेस्ट त्यावर चालत असतील तर लोकेल-जेनची एक पायरी आधी टाकावी लागते. स्क्रीनशॉट काढणाऱ्या टेस्ट असतील तर देवनागरी फॉन्टही बसवा, लोहितचं पॅकेज आहे, नाहीतर स्क्रीनशॉटमध्ये नुसते चौकोन.

डीबगिंग हा या सर्व्हिसचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. फाइल तुमच्या मशीनवर जशीच्या तशी चालवून बघायची अधिकृत सोय नाही, त्यामुळे एक ओळ बदला, पुश करा, वाट बघा, लाल, परत. कुठल्याही प्रोजेक्टची हिस्टरी उघडा, 'सीआय फिक्स', 'सीआय फिक्स परत', 'आता तरी' अशा कमिटांची माळ सापडेल, तो माणूस वेडा नव्हता, त्याला दुसरा मार्गच नव्हता. ॲक्ट नावाचं एक बाहेरचं टूल आहे, ते डॉकर वापरून लोकल चालवतं, लिनक्सच्या साध्या जॉबला उपयोगी पडतं, विंडोज-मॅकला नाही. असले प्रयोग वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फाट्यावर) करा आणि मुख्य कोडमध्ये मर्ज करताना सगळं एका कमिटमध्ये गुंडाळा. आणखी एक, एकाच ब्रँचवर नवीन पुश आला की आधीचा रन रद्द करायचं सेटिंग आहे, कॉन्करन्सीखाली, ते दोन-तीन ओळींत होतं. फुकट आहे म्हणून मशीन उगाच जाळायचं कारण नाही.

कॅश (उतरवलेल्या गोष्टी पुढच्या रनसाठी साठवायची जागा) आहे, रेपोला १० जीबी, आणि सात दिवस हात लागला नाही की कॅश जाते. लहान प्रोजेक्टला त्याने फारसा फरक पडत नाही.

एक चावट खोड आहे ती सांगून ठेवतो. फक्त कोड बदलला तरच टेस्ट चालव असा फिल्टर लावता येतो, आणि टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज नको असा नियमही लावता येतो. दोन्ही एकत्र लावले की कोणी फक्त रीडमी सुधारली तर टेस्ट सुरूच होत नाही, आणि नियम मात्र तिची वाट बघत बसतो. पुल रिक्वेस्ट कायमची लटकलेली. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, पण कोण वाचतो. छोट्या प्रोजेक्टने फिल्टर लावूच नये, चालू देत की दोन मिनिटं जास्त.

आता सुरक्षा, आणि हे टाळून पुढे जाऊ नका. या सर्व्हिसची ताकद म्हणजे तयार ॲक्शन्सचा बाजार, कोणीतरी लिहून ठेवलेला तुकडा एका ओळीत आपल्याकडे वापरायचा. धोकाही तोच. २०२५ च्या मार्चमध्ये टीजे-ॲक्शन्सचं, कोणत्या फाइल बदलल्या ते सांगणारं, एक लोकप्रिय ॲक्शन हल्लेखोरांच्या हाती गेलं, २३,००० हून जास्त रेपो ते वापरत होते. त्यांनी काय केलं, तर जुने टॅगच (व्हर्जनच्या नावाच्या खुणा) उचलून स्वतःच्या वाईट कमिटवर नेऊन ठेवले, त्यामुळे 'व्ही-४५' वगैरे लिहिणाऱ्यांना आपल्याकडे काही बदललंय याचा पत्ताच नाही, आणि रनरच्या मेमरीतले पासवर्ड, टोकन (प्रोग्रामला दिलेल्या किल्ल्या) लॉगमध्ये, म्हणजे रनच्या नोंदीत, छापले गेले. पब्लिक रेपोचा लॉग म्हणजे चव्हाट्यावरच. धडा सरळ आहे, बाहेरचं ॲक्शन वापरताना टॅग लिहू नका, पूर्ण ४० अक्षरी कमिट हॅश (त्या कमिटचा ठसा) लिहा, टॅग हलवता येतो पण हॅश हलत नाही. दिसायला भयाण दिसतं, शेजारी कॉमेंटमध्ये व्हर्जन लिहून ठेवा, गिटहबचा डिपेंडाबॉट तो हॅश आणि कॉमेंट दोन्ही अपडेट करून पुल रिक्वेस्ट टाकतो. आणि त्याहून बरं म्हणजे बाहेरची ॲक्शन्स कमीच वापरा. जे काम शेलच्या दोन ओळींत होतं त्यासाठी अनोळखी माणसाचा कोड आपल्या टोकनाशेजारी कशाला बसवायचा?

अनोळखी माणसांच्या पुल रिक्वेस्टचं मात्र गिटहबने बऱ्यापैकी नीट केलंय. फोर्कवरून (दुसऱ्याने केलेल्या रेपोच्या प्रतीवरून) आलेल्या रनला तुमची सिक्रेट (साठवलेले पासवर्ड, टोकन) मिळत नाहीत, टोकन फक्त वाचण्यापुरतं, आणि पहिल्यांदा येणाऱ्याचा रन मेंटेनरने बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. हे बटण २०२१ मध्ये आलं, कारण लोक पुल रिक्वेस्ट टाकून फुकटच्या मशीनवर क्रिप्टो खणत होते. आता त्याने नव्या उत्साही पोराला दोन दिवस ताटकळावं लागतं हे खरं, म्हणून सूचना चालू ठेवा आणि आधी बदल वाचून मगच बटण दाबा. पुल-रिक्वेस्ट-टार्गेट नावाचा जो ट्रिगर आहे तो या सगळ्या कुंपणाला वळसा घालतो, सिक्रेटसकट चालतो. त्यात फोर्कचा कोड उतरवून चालवलात तर घराची किल्ली स्वतः दिल्यासारखं. काय करतोय हे पक्कं माहीत नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि रेपो २०२३ च्या फेब्रुवारीआधीचा असेल तर टोकनाची परवानगी जाऊन बघा, त्यानंतरच्या रेपोंना मुळात वाचण्यापुरतीच असते, जुन्यांना लिहायचीही असू शकते. फाइलच्या वरच परमिशन्सखाली फक्त वाचण्याची लिहून टाका.

रिलीजचा भाग मात्र मनापासून आवडला. पायथनची पॅकेजं जिथे ठेवतात त्या पायपीआयने २०२३ च्या एप्रिलमध्ये ट्रस्टेड पब्लिशिंग आणलं, त्यात पायपीआयला सांगून ठेवायचं की अमुक रेपोतल्या अमुक वर्कफ्लोमधून आलेलं पॅकेज माझंच. मग कायमचं टोकन कुठे ठेवायची गरजच नाही, प्रत्येक रिलीजला थोड्या वेळापुरती ओळख तयार होते आणि संपते. टॅग टाकला की पॅकेज बनतं आणि जातं. आधी रिलीज म्हणजे ज्याच्या लॅपटॉपवर टोकन आहे तो माणूस लग्नाला गेला की सगळं थांबायचं. पाचातले दोन मार्क एकट्या याचेच.

कापलेल्या मार्कातला उरलेला अर्धा देखभालीचा. एकदा लावलं आणि विसरलो असं होत नाही. उबुंटू-लेटेस्ट लिहिलं तर ते तुमच्या पायाखालून सरकतं, २०२४ च्या डिसेंबरपासून ते २२.०४ वरून २४.०४ वर नेलं गेलं. व्हर्जन नेमून लिहिलं तर ते कधीतरी बंदच होतं, २०.०४ चं २०२५ च्या एप्रिलमध्ये झालं. फाइल साठवणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या ॲक्शनचं तिसरं व्हर्जन २०२५ च्या जानेवारीअखेर बंद. यातलं एकेक काम दहा मिनिटांचं असतं, कारणंही बरोबर असतात, पण पगारी माणूस नसलेल्या प्रोजेक्टमध्ये ती दहा मिनिटं कोणाच्या नावावर टाकायची हाच तर प्रश्न असतो.

म्हणून आमचा एकच नियम, आणि नवीन कोणी आलं की पहिला तोच सांगतो. यॅमलमध्ये हुशारी करायची नाही. टेस्ट कशा चालवायच्या, लिंटर (कोडची शिस्त तपासणारा) कुठला, पॅकेज कसं बांधायचं, हे सगळं रेपोतल्या मेकफाइलमध्ये किंवा नॉक्सच्या फाइलमध्ये (दोन्ही म्हणजे कमांड लिहून ठेवायच्या जागा) असलं पाहिजे, आणि यॅमलने फक्त पायथन बसवून त्या एका कमांडला हाक मारायची. भाड्याच्या घरात कोणी भिंतीत कपाटं बांधत नाही, तसंच हे. याचा रोजचा फायदा असा की जे सीआयवर चालतं तेच घरी एका कमांडमध्ये चालतं, त्यामुळे वर जे पुश करा-वाट बघा पुराण सांगितलं ते बरंच कमी होतं.

आणि घरमालक भाडं कधी वाढवेल याचा नेम नाही. २०२५ च्या डिसेंबरात गिटहबने जाहीर केलं की स्वतःच्या मशीनवर चालवलेल्या जॉबलाही (प्रायव्हेट रेपोत) मिनिटाला ०.००२ डॉलर लावणार, मोठी ओरड झाली आणि ते पुढे ढकललं. पब्लिक रेपोंना त्यात हात लावला नव्हता हे मुद्दाम सांगतो, घाबरवायचा हेतू नाही. पण त्याच्या महिनाभर आधी झिग या प्रोग्रामिंग भाषेचा प्रोजेक्ट गिटहब सोडून कोडबर्गला गेला, आणि त्यांच्या तक्रारींत ॲक्शन्सचं नाव ठळक होतं. कोडबर्ग ही बर्लिनची नोंदणीकृत संस्था आहे, देणग्यांवर चालते, तिथल्या फोर्जेयो ॲक्शन्सची फाइल गिटहबच्या फाइलसारखीच दिसते, पण हुबेहूब नाही आणि तिथे विंडोज-मॅकचे रनर आयते मिळत नाहीत. वरचं पुणे-मुंबई प्रकरण वाचल्यावर विंडोज सोडून जाणं आमच्या लायब्ररीला तरी परवडणारं नाही, म्हणून आम्ही जागचे हललेलो नाही. तुमचा प्रोजेक्ट फक्त लिनक्सपुरता असेल आणि मायक्रोसॉफ्टच्या (गिटहब त्यांचंच) घरात राहायचं नसेल तर कोडबर्ग जरूर बघा.

प्रायव्हेट रेपोचा हिशेब पूर्ण वेगळा आहे, फुकट प्लॅनवर महिन्याला २००० मिनिटं आणि पुढे पैसे, त्यात मॅकची मिनिटं सगळ्यात महाग, तो या रिव्ह्यूचा विषय नाही.

नवीन लावणाऱ्यांना क्रम सांगतो, म्हणजे एकदम सगळं अंगावर येणार नाही. सुरुवातीला लिनक्स आणि पायथनचं एकच व्हर्जन, फक्त टेस्ट. ते हिरवं झालं की लगेच विंडोज, मॅकच्याही आधी. मग व्हर्जनांची यादी, मग आठवड्यातून एकदाचा शेड्यूल जॉब, मग रिलीज. कव्हरेज टक्केवारी (टेस्टमध्ये किती कोड चालला ती), स्पेलिंग तपासणारे बॉट, पुल रिक्वेस्टवर आपोआप गोड कॉमेंट टाकणारे प्रकार, हे लोक हौसेने पहिल्या दिवशी लावतात आणि नंतर खरी लाल फुली त्या गर्दीत दिसत नाही, ते जेव्हा कोणी मागेल तेव्हा बघा. बॅज मात्र पहिल्याच दिवशी लावा, तेवढी हौस चालते.